जुन्या वहीच्या दोन बाजू



ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे आपली श्रुतपंचमी. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांच्या हातून षट्खंडागम पूर्ण झाला, तो दिवस. त्या दिवशी आपण शास्त्रं बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टनं घालतो. यंदा चिचगडच्या आमच्या घरी शास्त्रांबरोबर माळ्यावरची पत्र्याची पेटीही खाली उतरली, ती नातीमुळे.

सुट्टीत आली ती एक जाड कोरी वही आणि कात्री घेऊनच. जुनी तिकिटं, पत्रिका, चित्रं, लेसचे तुकडे, वाळलेली पानं एकावर एक चिकटवून जुन्या काळातली वाटावीत अशी पानं तिला करायची होती. कोलाज म्हणतात त्याला. कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करत बसली होती. मी म्हटलं, "चहा वाया घालवू नकोस, खरा जुना कागद देते."

आधी मला हे नवं खूळ वाटलं. पण रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर गेली, आणि बायकांनी त्या चित्रांतल्या साड्यांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. तेही कोलाजच की!

पेटीत आमच्या दुकानाचे जुने छापील कागद निघाले. दुकान सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं. गाव जागेवरच, पण वरचा पत्ता बदलत गेलेला. आधी सी. पी., मग मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हा मात्र भंडारा; गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. नातीने ते सगळे मथळे एकाखाली एक लावले आणि बाजूला मोहाचं वाळलेलं पान. पान फार छान झालं.

माझे नियम मी आधीच सांगितले होते. शास्त्राच्या कागदाला कात्री लावायची नाही. पत्रिकेवरचं भगवंतांचं चित्र कापायचं नाही. हाडा-चामड्याचा सरस नको. पिठाची खळ केली तर कीड लागते. बाइंडर त्यात मोरचूद घालतात, म्हणजे कीड मारायचीच सोय. म्हणून धावड्याचा डिंक, रोज लागेल तेवढाच भिजवायचा.

एवढी काळजी घेतली, आणि चूक झाली ती भलतीकडेच.

पेटीच्या तळाशी लाल कापडाच्या वह्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा बी.कॉम.चा थोडा तोरा होता. सासऱ्यांनी वही समोर ठेवली आणि मी सगळं उलटं वाचलं. कॉलेजात नावे डावीकडे शिकले होते, इथे डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. सासरे हसले होते. म्हणाले, "बाई, दोन्ही बाजू वाचल्याशिवाय बोलायचं नाही."

नातीला त्यातला एक कागद आवडला. आषाढातली नोंद: वीस पायल्या धान नावे, सवाईने, आणि खाली निळसर काळा अंगठा. तिने उजवी बाजू कापली, अंगठ्याभोवती लेस लावली. मीही "सुंदर" म्हणाले. खरं सांगते, मला त्यात फक्त नक्षी दिसली.

दोन दिवसांनी भाजीवाली ओसरीवर टेकली. वही उघडीच होती. पंचेचाळिशीची बाई, शाळा शिकलेली. तिने नाव वाचलं, गाव वाचलं, मग पुन्हा नाव वाचलं.

"सेठानी, हा तं माहा आजा हाये."

मी काही बोलणार तोच तिने विचारलं, "फिटलं होतं का जी?"

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर डाव्या बाजूला होतं, आणि डावी बाजू नातीने कापून कुठे लावली, ते तिलाही आठवेना. पानं उलटत गेलो तेव्हा ती सापडली, एका फुलाच्या चित्राखाली, उलटी चिकटवलेली. पानाला मागून ओला फडका लावून ठेवला. डिंक होता म्हणून सुटला, बाजारचा गोंद असता तर कागदच फाटला असता. दोन अक्षरं पसरली, पण आकडा राहिला. पौष महिना, पंचवीस पायल्या जमा.

"फिटलं," मी म्हटलं.

"मंग ठीक," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मले देता का हे?" अंगठ्याचा कागदही सोडवला, दोन्ही तुकडे तिला दिले. तिने घडी करून पैशांच्या पिशवीत ठेवले आणि टोपली उचलली.

रात्री मी बाकीच्या वह्या घेऊन बसले. बऱ्याच ठिकाणी नावेची बाजू भरलेली आणि जमेची कोरी होती. कायद्याने ती येणी कधीच संपली, तो हिशेब मला येतो. पण मन अडलं ते फिटलेल्या नोंदींवर. आषाढात ज्याच्या घरी धान्य संपलं, त्याने वीस नेले आणि पंचवीस आणून दिले. ती वरची पाच पायली आमच्या कोठीत आली. सासरे वाईट नव्हते, तेव्हाची रीतच होती, सवाई म्हणजे त्यातल्या त्यात हलकी, असंही मी मनाला सांगून पाहिलं. तरी अपरिग्रहाचा पाठ रोज म्हणणारं आमचं घर त्या पाचांवरही उभं आहे, हे चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या वह्या आता कोलाजसाठी नाहीत. कुणाचं नाव ओळखीचं निघालं तर मी त्यांना बोलावून पान दाखवते. दोघं येऊन गेले. एकाने पान नेलं, एकाने नुसतं पाहिलं आणि चहा घेऊन गेला.

नातीच्या वहीत लेसची चौकट तशीच आहे, मधे डिंकाचा डाग. "इथे काय लावू?" तिने जाताना विचारलं. मी म्हटलं, राहू दे रिकामी.

तुमच्याही माळ्यावर अशा पेट्या असतील. मुलींना जरूर द्या, हातांना चांगला विरंगुळा आहे. फक्त कात्री लावायच्या आधी कागदाच्या दोन्ही बाजू वाचून घ्या.

जय जिनेंद्र.