पाण्यातील अस्थी आणि विटांतील अस्थी

काशीस जाणारा मराठी माणूस सहसा एकटा नसतो. सोबतीला गावची मंडळी असतात. ती नसली तरी एखादे फेडावयाचे राहिलेले ऋण बरोबर असते. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला भोसले घाट हे अशा माणसाला अर्धे माहेरच वाटते. गढीसारखी भक्कम दगडी भिंत, तिच्या माथ्याशी नाजूक खिडक्यांची ओळ, वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ. शेजारीच यमेश्वर आणि यमादित्य. यमाच्या नावाची दोन दैवते जवळ असलेल्या या पायऱ्यांवर मृत्यू परका वाटत नाही. अस्थी पाण्यात सोडावयाच्या, तीळ-पाणी द्यावयाचे, आणि मागे काही ठेवावयाचे नाही, हा येथला धर्म.

उत्तरेस सुमारे १० किलोमीटरांवर सारनाथ आहे. आपल्याकडील यात्रेकरूंच्या काशीयात्रेत ते सहसा बसत नाही. तेथे जावयाचे तर मंडळींना सोडून, स्वतःच्या हिमतीवर. धर्मानंद कोसंबी हे असेच एकटे निघालेले मराठी प्रवासी. काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेले धर्मानंद १९०२ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात नेपाळच्या वाटेला लागले, तेव्हा सारनाथचे सिंहशीर्ष मातीखालीच होते; ते ओर्टेल यांच्या उत्खननात १९०४-०५ च्या हिवाळ्यात वर आले.

आईच्या अस्थी घाटावर विसर्जित करून दुसऱ्या दिवशी वाटाड्यावाचून सारनाथास येणाऱ्याला प्रथम दिसतो तो धामेख स्तूप. त्याची उंची, त्याच्या दगडी अंगावरील गुप्तकालीन वेलबुट्टी यांनी मन दबून जाते. परंतु पाय रेंगाळतात ते दुसरीकडेच, धर्मराजिका स्तूपाच्या उरलेल्या वर्तुळाकार पायाशी. अशोकापासून पुढे अनेक शतके ज्याच्यावर थरामागून थर चढत गेले, त्या स्तूपाची आज केवळ जोतीच शिल्लक आहेत.

१७९४ मध्ये बाबू जगतसिंह यांच्या माणसांनी जगतगंजची पेठ बांधण्यासाठी या स्तूपाच्या विटा काढल्या. खोलवर एक दगडी पेटी लागली. तिच्यात हिरवट संगमरवराचा करंडक, आणि करंडकात थोड्या मानवी अस्थी, मोती व सोन्याचे पत्रे. काशीचे तत्कालीन रेसिडेंट व पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले जोनाथन डंकन यांनी ही हकीकत लिहून ठेवली. तिच्यात एक वाक्यापुरती नोंद आहे: त्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही हानी भरून न येणारी. ज्या संप्रदायाने त्या अस्थी जपण्यासाठी एवढा डोंगर रचला, त्याच्या दृष्टीने तर हा आघातच. तथापि घाटावरून आलेल्या माणसाला केवळ रागावता येत नाही. विटा नेणाऱ्यांना त्या अस्थी कोणाच्या हे उमगले नव्हते; पण त्या माणसाच्या आहेत एवढे उमगले होते. अनोळखी मृतासाठी त्यांना जे उत्तमात उत्तम ठाऊक होते, तेच त्यांनी केले. आदल्या दिवशी त्यानेही आपल्या आईसाठी याहून निराळे काही केलेले नसते.

चूक असेल तर ती येथे आहे: आपली श्रद्धा हीच सर्वांची श्रद्धा, असे मानण्यात. एका परंपरेने स्मृतीला विटांत राखले, दुसरीने तिला वाहत्या पाण्याच्या स्वाधीन केले. दोहोंच्या मुळाशी वियोगाचे दुःख एकच. पण दुसऱ्याच्या मृतांना आपल्या रीतीने मुक्त करण्याचा अधिकार त्या दुःखाने कोणालाही दिलेला नाही. भोसले घाट उभा राहत होता त्याच सुमारास धर्मराजिका उतरवला जात होता. एकाच नगरीच्या या दोन कथा आहेत, आणि काशीयात्रेचा हिशेब त्या दोन्ही ऐकल्यावाचून पुरा होत नाही.