मे महिन्यातला संगणक

धाराशिवला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरचा संगणक दुपारी अचानक बंद पडू लागतो. लोक लगेच विंडोज नव्याने टाकतात. मला ते पटत नाही. आधी कॅबिनेट उघडावं. आज उघडलं तर पंख्यात धुळीचा थर, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी. बहुतेक प्रोसेसर ९५-१०० अंश सेल्सिअसला पोचले की स्वतःच वेग उतरवतात, तरी भागलं नाही तर बंद होतात. किती शहाणी रचना! धूळ काढली, पेस्ट बदलली, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट चालवली. एकही चूक नाही. उरली २३० व्होल्टची वीज. कृषिपंप सुरू झाले की ती डळमळते. म्हणून सांगते, आधी अर्थिंग आणि यूपीएस, मग नवं ग्राफिक्स कार्ड.