फुलपाखरामागचं आकाश

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की ओळखीच्या माणसांचे फोन सुरू होतात. ‘आकाश कसं स्वच्छ झालंय, आता तुमचे फोटो झकास येत असतील ना?’ संपादकांनी हा विषय सुचवला तोही याच भावनेनं. फुलपाखरं सुंदर, निरभ्र आकाश सुंदर, तेव्हा दोन्ही मिळून काहीतरी प्रसन्न लिहा, आणि शक्यतो तांत्रिक नको, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांना निराश करायचं नाही. पण या दोन गोष्टींचं एकमेकांशी जे नातं आहे ते तांत्रिक बाजू टाळून सांगता येत नाही, आणि गेले काही महिने एक फोटो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आधी गैरसमजाचं बघू. निरभ्र आकाशाखालचं ऊन हा फुलपाखरांच्या फोटोसाठी सगळ्यात अवघड उजेड आहे. हळदीकुंकू फुलपाखराच्या पंखावरचा पांढरा भाग अशा उन्हात जळून जातो, त्यातल्या काळ्या शिरा तेवढ्या उरतात. हबशीसारख्या काळपट फुलपाखराचं उलट, त्याचा पंख नुसता काळा ठिपका होतो. सोयीचा उजेड हवा तर पातळ ढग हवेत. ते सगळ्या आभाळभर उजेड पसरवतात, सावल्या मऊ होतात, रंग नीट उतरतात.

अडचण अशी की आपल्याला सोयीचा असलेला उजेड फुलपाखराला गैरसोयीचा असतो. त्याचं शरीर उडण्यासाठी लागणारी ऊब पुरेशी तयार करत नाही. छातीतले उडायचे स्नायू साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय नीट चालत नाहीत, आणि ही ऊब उन्हातूनच घ्यावी लागते. ढग आला की ताम्हिणीच्या रस्त्याकडेला खुळखुळ्यावर लगडलेले ब्लू टायगर आणि हबशी बघता बघता पानाआड जातात. ऊन परतलं की पुन्हा बाहेर. म्हणजे फुलपाखरू हवं तर निरभ्र आकाश पत्करावंच लागतं, आणि या धंद्यातलं सगळं कौशल्य त्या कडक उजेडाशी जमवून घेण्यात आहे.

ते जमतं सकाळी. ऊन नुकतं झुडपांच्या शेंड्यांना लागलेलं असतं तेव्हा डॅनेड एगफ्लायचा नर, म्हणजे आपला छोटा चांदवा, एखाद्या वाळक्या काटकीच्या टोकावर येऊन बसतो. याची अळी घोळाच्या भाजीवर वाढते, त्यामुळे तो शेताच्या बांधावर, अगदी सोसायटीच्या आवारातही दिसतो. त्यासाठी आंबोलीला जायला नको. मादी बिबळ्या कडव्याची नक्कल करते, नर मात्र काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्या ठिपक्यांभोवती जांभळी झळाळी. ही झळाळी रंगद्रव्याची नाही. पंखावरच्या खवल्यांची सूक्ष्म रचनाच अशी असते की ठरावीक कोनातून ऊन पडलं आणि ठरावीक कोनातून पाहिलं तरच ती पेटते. डोकं वीतभर हलवलं की विझते.

तो बसल्यावर काय करतो ते बघायला हवं. आधी दोन-तीनदा पंख उघडझाप करतो. मग काटकीवर पाय सरकवत हळूहळू वळतो, पाठ सूर्याकडे येईपर्यंत, आणि पंख सपाट पसरतो. पंखांचा पसारा उन्हाला जवळजवळ काटकोनात येतो. अशा वेळी जवळून पाहिलं तर त्याच्या मिशांची सावली पुढच्या पंखावर पडलेली दिसते, केसाइतकी बारीक आणि काठाला अगदी रेखीव. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतं म्हणून सावलीचा काठ इतका धारदार येतो. ढगाळ हवेत उजेड सगळ्या आभाळातून येतो, तेव्हा ही सावली दिसतच नाही.

फोटो घ्यायचा तो याच घटकेला. मॅक्रो लेन्सने फुलपाखरू जवळपास खऱ्या आकारात टिपताना एफ ११ ठेवलं तरी खोलीतला जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा पंखांना समांतर धरावा लागतो, म्हणजेच आपली पाठही सूर्याकडे हवी आणि तरी आपली सावली त्याच्यावर पडता कामा नये. एक्स्पोजरचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. फिल्मच्या जमान्यात फिल्मच्या डब्यातल्या कागदावर एक नियम छापलेला असे: स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका. तो नियम दिवस चांगला वर आल्यावर आजही लागू पडतो. मीटर बिघडला तरी अडत नाही, कारण निरभ्र आकाशातलं ऊन इतकं भरवशाचं असतं. सकाळी तेवढा एफचा आकडा एखाद-दुसरा स्टॉप खाली आणायचा.

आता आकाश. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने १८७१ मध्ये याचं गणित मांडलं. निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरला जातो आणि म्हणून आकाश निळं. पण ते सगळीकडे सारखं निळं नसतं, आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही आहे. क्षितिजाजवळ आपण हवेच्या कितीतरी जाड थरातून बघतो, तिथे ते फिकट, दुधी होत जातं. सर्वांत खोल निळा पट्टा सूर्यापासून काटकोनात असतो. तिथला प्रकाश ध्रुवित असतो, लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला की तो पट्टा आणखी गडद होतो. सकाळी सूर्य पूर्वेला खाली असताना हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. सूर्याच्या बरोबर समोरचं, म्हणजे पश्चिमेचं खालचं आकाश फिकटच राहतं. पोलरायझर तिथे फारसं काही करू शकत नाही.

एवढं सगळं सांगितलं ते त्या फोटोसाठी. पावसाळ्याच्या शेवटी एका छायाचित्र स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर मी होते. निसर्ग विभागात एक फोटो आला: छोट्या चांदव्याचा नर, काटकीवर पंख पूर्ण पसरून, मागे खोल निळं आकाश, तळाशी डोंगराची अंधूक रेघ. बाकीचे दोघे परीक्षक बघताक्षणी खूश झाले. मला तो पाहिल्या पाहिल्या खटकला.

पंख पसरून बसलेल्या फुलपाखराची वरची बाजू समोरून दिसतेय, मागे निरभ्र आकाश आहे, तर सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी हवा आणि मागचं आकाश सूर्याच्या समोरचं, फिकट हवं. इथे ते शाईसारखं गडद होतं, आणि डोंगराच्या रेघेपर्यंत तितकंच गडद. एक्स्पोजर कमी करून आकाश गडद करता येतं, पण मग फुलपाखरूही तेवढंच काळवंडतं. इथे पांढरे ठिपके छान उजळ होते. फोटो मोठा करून पाहिला तर पंखावर मिशांची सावली नाही, काटकीची एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी असं काही नाही, जांभळी झळाळी दोन्ही पंखांवर मंद आणि सारखी. फुलपाखरू ढगाखालचं होतं आणि आकाश उन्हातलं.

मी मूळ रॉ फाइल मागवली. ती आली तेव्हा आकाश राखाडी होतं. फोटो काढणाऱ्या कॉलेजातल्या मुलाने काहीच लपवलं नाही. म्हणाला, ‘मॅडम, फुलपाखरू खरंच आहे, मी फक्त मागचं आकाश बदललं. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर होतं.’ त्याचं खरं होतं. २०२०पासून फोटोशॉपमध्ये ही सोयच आहे. नियमावलीत ‘किरकोळ संस्करण चालेल’ असं लिहिलेलं होतं आणि आकाश बदलणं किरकोळ आहे असं आयोजकांचं मत पडलं. फोटोला दुसरं बक्षीस मिळालं.

त्या मुलावर माझा राग नाही. बक्षिसाचंही एवढं नाही. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मूळ फोटो बदललेल्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाचा होता. उन्हात पंख पसरलेला छोटा चांदवा हजारोंनी टिपलाय. पण ऊन नसताना, पूर्ण ढगाळ हवेत, पानाआड न जाता उघड्यावर येऊन पंख सपाट पसरणारा नर, आभाळातून जी काही थोडी ऊब झिरपतेय ती गोळा करत बसलेला, हे आपण किती वेळा पाहतो? त्या मुलाने ते पाहिलं होतं, टिपलंही होतं. आकाश निळं केलं त्या क्षणी त्याची ती नोंद पुसली गेली. उरलं ते कॅलेंडरवरचं चित्र.

‘आकाश तर फक्त मागचा पडदा’ हे वाक्य मी त्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. स्टुडिओत पडदा असतो. फुलपाखराचं बसणं, वळणं, पंखांचा कोन, कुठल्या वेळी कुठल्या फांदीवर, हे सगळं आकाश ठरवतं. फ्रिजमध्ये ठेवून गारठवलेल्या फुलपाखराचे फोटो काढणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, आणि ठेवायलाच हवीत, तो त्या जिवावर अत्याचार आहे. आकाश बदलताना फुलपाखराला इजा होत नाही, हा फरक मला मान्य आहे. पण फोटोचं जे होतं ते दोन्हीकडे एकच. ते फुलपाखरू उन्हाशी कसं वागत होतं, हे त्यातून कायमचं निघून जातं.

आणि फोटो नुसता बघायला नसतो, निदान आता नाही. कृष्णमेघ कुंटे यांचं भारतीय द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक २००० साली आलं तेव्हा हौशी लोकांकडे नोंदींची वही असायची. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, देशात असं करणारं हे पहिलं राज्य, आणि त्यानंतर तर फुलपाखरांमागे कॅमेरे घेऊन हिंडणारे खूप वाढले. त्यांचे फोटो तारीख आणि ठिकाणासह ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’सारख्या संकेतस्थळांवर जातात आणि अभ्यासक ते वापरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्लू टायगर आणि हबशींचे थवे पूर्वेकडून घाटांकडे परततात, तेव्हा कुठे ऊन होतं आणि कुठे ढग, हे पुढे कोणी फोटोंवरून शोधायला गेलं तर त्याला काय सापडणार?

मला स्वतःला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. आजचे मोबाइल फोटो काढतानाच आकाश ओळखतात आणि ते गडद करून देतात, कोणी काही न सांगता. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मुलीने मोबाइलवर चांदवा टिपला तर तिचं आकाश तिने बदललेलं नाही, पण ते खरंही नाही. तिला बाद करायचं? तसं करायला माझं मन धजत नाही, कारण आपल्याकडच्या फुलपाखरांच्या नव्या नोंदी यापुढे कॅमेरावाल्यांपेक्षा तिच्यासारख्यांकडूनच जास्त येतील. सध्या मी एवढंच सुचवलंय की फोटोबरोबर एक ओळ लिहून मागावी: ऊन होतं की ढग, आणि सूर्य कुठल्या बाजूला होता. ज्याने फुलपाखरू नीट पाहिलंय त्याला हे आठवतं.