अळणी भात

मागच्या सत्रात मी वर्गात ‘क्रिस्तपुराणा’वर निबंध वाचला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात येतो काय, इथली भाषा शिकतो काय, आणि 1616 मध्ये हजारो ओव्यांचं मराठी पुराण छापून आणतो काय! वाचताना माझा आवाज चढला होता. निबंध संपल्यावर एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, “आणि इन्क्विझिशन? तेही तेव्हाच चालू होतं ना?”

मला उत्तर देता आलं नाही. राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त. इतकी वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात बसले, संतांच्या गोष्टी तोंडपाठ आहेत. पण त्याच गोव्यात 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडली तर, धर्मन्यायालय चालू होतं, हे मला तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत हळ्ळीखेडला आले ती अ. का. प्रियोळकरांचं ‘द गोवा इन्क्विझिशन’ घेऊनच. 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. धर्मन्यायालयाच्या 1736 च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी काय करू नये याची लांबलचक यादीच आहे. तुळस नको, धोतर नको. भातसुद्धा मीठ न घालता शिजवायचा नाही, कारण ती हिंदूंची रीत.

“काय वाचायलीस गं एवढं?” आज्जीने विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडे भात अळणीच शिजतो. ती हसून म्हणाली, “मग मला पण धरून नेलं असतं म्हण की!” मीही हसले, पण तो घास काही सरळ उतरला नाही.

पप्पांना मात्र हे आवडलं नाही. “दिवस बरे नाहीत. आपणच लोकांच्या हातात दगड कशाला द्यायचा?” त्यांची भीती खोटी नाही. पण दगड त्या हातात आधीच आहे. आपण गप्प राहिलो तर आपल्या मुलांना ही गोष्ट पहिल्यांदा कळते ती दगड मारणाऱ्याकडूनच.

चर्च अगदीच गप्प आहे असंही नाही. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीबद्दलही केली. पण गोव्याचं नाव त्यात नव्हतं. कन्फेशनला गेल्यावर “फादर, काही चुका झाल्या” एवढ्यावर आपलं भागत नाही. कोणतं पाप, किती वेळा, ते सांगावं लागतं. लहान मुलाला लावलेला हा नियम संस्थेला का नको?

अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचं उदाहरण मला इथे उपयोगी वाटतं. संस्थापक जोसेफ स्मिथची अनेक लग्नं, 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना नाकारलेलं याजकपद, अशा अडचणीच्या विषयांवर त्यांनी 2013 पासून अधिकृत लेख संकेतस्थळावर टाकले. पण ते शोधणाऱ्यालाच सापडायचे. 2018 मध्ये मात्र साध्या सभासदांसाठी ‘सेंट्स’ नावाचा इतिहास निघाला आणि स्मिथची लग्नं त्या गोष्टीतच आली. सगळं सांगितलं का, यावर वाद आहेतच. पण ज्याला पुस्तक रोज वाचायचंय त्याच्याच पुस्तकात ते आलं, हे मला मोठं वाटतं. अभ्यासकाच्या कपाटात ठेवलेलं सत्य म्हणजे अर्धं झाकलेलंच.

आमच्या भागाला हे नवीन नाही. 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर झालेल्या हत्यांवर सरकारनेच नेमलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीदर आणि गुलबर्गा धरले होते. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. त्यामुळे कुणी काही विसरलं नाही. घरोघरी रझाकारांची किंवा त्यानंतरची, अशी आपापली अर्धी गोष्ट तेवढी उरली.

निबंध मी पुन्हा लिहिला आहे. स्टीफन्सवरचं प्रेम त्यात तसंच आहे, एक ओळही कमी केली नाही. फक्त 1616 च्या आधी आता 1560 येतं. येत्या रविवारी धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांसमोर वाचू का, असं फादरांना विचारणार आहे. पप्पा अजून काही बोललेले नाहीत. आज्जी म्हणाली, “वाच. पण भाताचं सोडू नको.”