पहिले चार पाउंड

खंबाटकी घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकचा आवाज ज्याने ऐकलाय, त्याला इंजिनाला धाप लागते म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण ती धाप ओझ्याची. हवा कमी पडल्याने लागणारी धाप निराळी. तिची नीट ओळख मला एकसष्टाव्या वर्षी झाली, अमेरिकेत आयडाहो फॉल्समधल्या एका गॅरेजात, बाहेर पारा उणे अठरावर गेला असताना.

मुलीकडे सॉल्ट लेक सिटीला आलो होतो. पिंपरीच्या कारखान्यात डिझेल इंजिनांसोबत तीस वर्षं काढलेल्या माणसाने नातवाला शाळेत सोडणं आणि आणणं एवढ्यावर किती दिवस ढकलायचे? अशात सांगलीकराचा फोन आला. वसतिगृहात त्याला आम्ही गावावरूनच हाक मारायचो, ती सवय अजून गेलेली नाही. आयडाहो फॉल्सजवळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्याची नोकरी. म्हणाला, "अरे, काय नुसता बसून राहिलायस? इकडे ये. तुला एक टर्बो दाखवतो. जन्मात पाहिला नसशील."

बस पकडली आणि साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला गेलो.

टर्बो होता त्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजात. शेजारी सत्तरीकडे झुकलेला. उन्हाळाभर बटाट्याची शेती आणि बर्फ पडला की ही कामं. सांगलीकर त्याला 'मिस्त्री' म्हणतो. त्याचा अर्थ कळल्यापासून त्या गृहस्थालाही ते नाव आवडू लागलंय. गॅरेजच्या मधोमध, कव्हरं काढून उघडीवाघडी, एक स्नोमोबाइल उभी होती. इथे तिला कुणी स्नोमोबाइल म्हणत नाही, म्हणतात स्लेड. पुढे दोन स्की, मागे रबराचा अखंड पट्टा. डोंगरातल्या स्लेडचा पट्टा लांबलचक असतो. हिचा १६२ इंच होता, आणि त्यावरचे रबरी दात माझ्या बोटाएवढे. भुसभुशीत बर्फात हेच दात वल्ह्यासारखे चालतात.

स्लेड २००९ सालची यामाहा नायट्रो. तीन सिलिंडर, १,०४९ सीसी, फोर-स्ट्रोक. डोंगरात जाणारे बहुतेक लोक टू-स्ट्रोक घेतात, कारण ती वजनाला पुष्कळ हलकी पडते. जुन्या स्कूटरमागे उभं राहून ज्यांनी निळा धूर खाल्लाय त्यांना टू-स्ट्रोकचे गुणदोष माहीत आहेत. इथल्या नव्या टू-स्ट्रोक तशा धुराळ राहिलेल्या नाहीत, आणि २०२० च्या मॉडेलपासून स्की-डू तर कारखान्यातूनच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक विकू लागली. उलट यामाहाने २०२३ मध्ये जाहीर करून टाकलं की २०२५ चं मॉडेल झालं की स्नोमोबाइल बंद. म्हणजे मिस्त्री ज्या यंत्रावर जीव टाकून बसलाय, त्याचं माहेरच उठलेलं.

"मग यातच कशाला गुंतलायस?" मी विचारलं.

त्याने खडू उचलला आणि गॅरेजच्या लाकडी दारावर आकडे मांडायला सुरुवात केली.

समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पाउंड. पंक्चरवाल्याला आपण "तीस टाक" म्हणतो, तेच हे पाउंड. उद्या आम्ही जाणार होतो ती जागा साधारण २,६५० मीटरवर. तिथे दाब उरतो १०.६. वजाबाकी करून त्याने चार हा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. हे चार पाउंड डोंगर कापून घेतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पण सिलिंडरात हवाच कमी शिरते, आणि खाली १३० अश्वशक्ती देणारं यंत्र वर पंचाण्णवच्या आसपास येतं.

"माझा टर्बो आठ पाउंड देतो," तो म्हणाला. "पहिले चार माझे नाहीत. ते डोंगराने घेतलेले, परत आणलेले. कमाई काय ती पुढच्या चारांची."

टर्बोवर मी आयुष्य काढलं, पण असा हिशेब कधी केला नव्हता. आमच्याकडे टर्बो म्हणजे ट्रकची ताकद वाढवायची, डिझेल वाचवायचं. खरं तर या यंत्राची परीक्षा डोंगरावरच झाली होती, आणि तीही याच रॉकी पर्वतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबायची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, १९०५ च्या पेटंटातली. पण विमान उंचावर गेलं की इंजिन मलूल होतं, ही अडचण पहिल्या महायुद्धात चांगलीच जाणवली, तेव्हा १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने लिबर्टी हे विमानाचं इंजिन थेट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर नेलं. ४,३०० मीटरची उंची. खाली साडेतीनशे अश्वशक्तीचं इंजिन तिथे २३० वर घसरलं, आणि टर्बो जोडल्यावर ३५६ वर गेलं. मॉसलाही आधी परतफेडच करायची होती. कमाई झाली ती जेमतेम सहा अश्वशक्तीची.

मिस्त्रीला ही गोष्ट माहीत नव्हती. ऐकून त्याने दारावर आठाच्या शेजारी ३५६ लिहून ठेवलं.

मग तास-दीड तास आम्ही इंजिनात डोकं घालून होतो. हवा दाबली की ती तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तापलेली हवा आत गेली तर पेट्रोल वेळेआधीच भडकतं, इंजिन नॉक करू लागतं, आणि पिस्टनला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही. म्हणून हवा थंड करायला मध्ये इंटरकूलर. हेड गॅस्केट नेहमीपेक्षा जाड, म्हणजे सिलिंडरातलं कॉम्प्रेशन थोडं उतरतं. आणि पेट्रोल ९१ ऑक्टेनचंच. आयडाहोतल्या पंपांवर साधं पेट्रोल ८५ चं मिळतं. उंचावरच्या पातळ हवेत साध्या इंजिनाला ते चालून जातं, पण हवा कोंबणाऱ्या इंजिनाला चालत नाही. डोंगरावर राहूनही त्याच्या सिलिंडरात वातावरण समुद्रकाठचं, मग पेट्रोलही तसंच लागणार.

सगळ्यात नाजूक काम क्लचचं. स्लेडला गिअर नसतात. आपल्या बिनगिअरच्या स्कूटरसारखेच पट्ट्यावर चालणारे दोन क्लच असतात, फक्त आकाराने दांडगे. पुढच्या क्लचमध्ये छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पट्टा वर सरकवतात. मिस्त्रीने सोनाराकडे असतो तसला लहानसा काटा काढला आणि एकेक वजन त्यावर ठेवून पाहिलं. एक जरा जड निघालं, तर कानशीने घासून पुन्हा ठेवलं. कानस, फुंकर, काटा, पुन्हा कानस. तीनशे किलोचं ते धूड एक ग्रॅमवर अडलेलं. साध्या स्लेडवाल्यांना उंची बदलली की ही वजनं बदलावी लागतात, कारण वर ताकद कमी झालेली असते. "मी एकदा लावली की लावली," मिस्त्री म्हणाला. डोंगराचं देणं टर्बोच भागवत असल्याने क्लचला उंची फारशी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्लेड ट्रेलरवर चढवून निघालो. आयडाहो फॉल्स ते वेस्ट यलोस्टोन पावणेदोनशे किलोमीटर. रेक्सबर्गपर्यंत दोन्ही बाजूंना बर्फाखाली निजलेली बटाट्याची शेतं. ॲश्टन ओलांडलं की रस्ता एकदम चढाला लागतो आणि पाइन वृक्षांची गर्दी सुरू होते. मग आयलंड पार्क. हे गाव रस्त्याच्या कडेने ३३ मैल पसरलंय आणि अमेरिकेतला सगळ्यात लांब मुख्य रस्ता आपलाच असं सांगतं. टार्गी खिंड २,१५६ मीटरवर. ती ओलांडली की आयडाहो संपतं, मोंटाना लागतं, आणि थोड्याच वेळात वेस्ट यलोस्टोन.

या गावात हिवाळ्यात स्लेड रस्त्यावरून फिरतात. पेट्रोलपंपावर गाडीमागे स्लेड, स्लेडमागे गाडी अशी रांग. नाश्त्याच्या हॉटेलाबाहेर सायकली लावाव्यात तशा स्लेड लावलेल्या. गावाच्या पूर्व टोकाला यलोस्टोन पार्कचं दार आहे. २००२ च्या हिवाळ्यात स्लेडच्या धुराने तिथल्या रेंजर्सचा जीव इतका घाबरा झाला होता की त्यांना श्वसनाचे मुखवटे द्यावे लागले. आता पार्कात फक्त मंजुरी मिळालेली, कमी धुराची आणि कमी आवाजाची यंत्रं जातात, बहुतेक सगळी फोर-स्ट्रोक, आणि तीही ताशी ३५ मैलांच्या आत. आम्हाला पार्कात जायचं नव्हतं. आमची वाट उलट्या बाजूला, टू टॉपच्या डोंगराकडे.

निघण्याआधी मिस्त्रीने आम्हाला एका ओळीत उभं केलं. प्रत्येकाच्या छातीवर बीकन, पाठीवर फावडं आणि हिमात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत हाक देत राहतं. एकेकाने पुढे चालायचं, बाकीच्यांनी त्याची हाक ऐकू येते का पाहायचं. हिमकड्याखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. मी भाड्याची साधी टू-स्ट्रोक घेतली. सांगलीकराची त्याची स्वतःची.

आखीव वाटेने तासभर चढल्यावर झाडं विरळ झाली आणि उरलेल्या झाडांचे आकार बदलले. वारा, धुकं आणि बर्फाचे थरावर थर चढून इथे अख्खी झाडं दिसेनाशी होतात. इकडचे लोक त्यांना बर्फाची भुतं म्हणतात. मला ती आषाढात इरली घेऊन लावणीला वाकलेल्या बायांसारखी दिसली. ओळीने, एका अंगाला झुकलेल्या, काही न बोलणाऱ्या.

मिस्त्री पुढे सुटला. आधी फोर-स्ट्रोकचा जाड घुमारा, मग त्यावर चढत जाणारी बारीक शिट्टी. ती ऐकून मी हेल्मेटच्या आत हसलो. घाटात रात्रीच्या ट्रकला हीच शिट्टी असते. तो उतारावर आडवा गेला, डोंगराच्या बाजूच्या पायावर उभा, हँडल मात्र उलटीकडे वळवलेलं. पडतोय असं वाटावं आणि तरी सरळ रेष काढत जावं, अशी ती चाल. मी अंगठ्याने थ्रॉटल पूर्ण दाबलेलं असूनही माझी स्लेड त्याच्या निम्म्यावर दमून गेली.

वरून पलीकडचा एक उभा, गुळगुळीत पांढरा उतार दिसत होता. मिस्त्रीचं यंत्र तो चढलं असतं यात मला शंका नव्हती. त्याने नुसतं बोट दाखवलं. गॅलॅटिनच्या हिमप्रपात केंद्राचा सकाळचा इशारा पाचपैकी तीनचा होता, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतारच बहुतेक कोसळतात. टर्बो नव्हता तेव्हा तिथे जाताच यायचं नाही, तो म्हणाला, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसायचा. "आता रोज विचार करावा लागतो." एवढं बोलून त्याने स्लेड वळवली.

पठारावर आल्यावर त्याने मला आपली स्लेड दिली. "एकच सांगतो. मऊ बर्फात थ्रॉटल सोडू नकोस."

अंगठा दाबला. क्षणभर काहीच नाही. टर्बो फिरायला लागेपर्यंतचा हा उसना वेळ मला चांगला परिचयाचा. मग शिट्टी, आणि कुणीतरी मागून ढकलून द्यावं तसा मी उडालो. डॅशवरच्या काट्याने चार पाउंड ओलांडले. इथवरचं परतफेडीचं, मी मनात म्हणालो, आणि काटा सातवर गेला तेव्हा घाबरलो. घाबरल्यावर माणूस करतो तेच मी केलं. अंगठा सोडला.

टू-स्ट्रोक असती तर थोडी घरंगळली असती. फोर-स्ट्रोकने इंजिनाचाच ब्रेक लावला, जड नाक खाली घातलं, आणि पुढच्या क्षणी स्लेड हँडलपर्यंत बर्फात होती. मी उतरलो, तो कमरेपर्यंत.

मग खणणं. पुढचा बर्फ तुडवून घट्ट करायचा, बाजूचा उपसायचा, स्लेड कुशीवर पाडून फिरवायची. तीन माणसं, तीन फावडी. दहा फावडी मारली की मला थांबावं लागे. डोळ्यांपुढे काजवे, तोंडात लोखंडाची चव. सांगलीकर फावड्यावर रेलून म्हणाला, "काय रे, चार पाउंड कमी पडले वाटतं?" उत्तर द्यायला माझ्यात हवा नव्हती.

पाऊण तासाने ती निघाली. मिस्त्रीने ती दोनशे मीटरवरच्या कडक बर्फावर नेली आणि आम्ही पाय ओढत मागोमाग पोचलो. मी खूण केली, बंद कर आता. त्याने दोन बोटं वर केली. दोन मिनिटं. तापलेला टर्बो तसाच बंद केला तर आतलं तेल करपतं. आमच्या कारखान्यातही प्रत्येक ड्रायव्हरला हे बजावून सांगावं लागायचं.

इंजिन मंद धडधडत राहिलं. आम्ही तिघं त्याच्याभोवती गुडघ्यांवर हात टेकून उभे. दोन मिनिटांनी त्याने किल्ली फिरवली. सगळं शांत झालं, आणि मग कुठे ऐकू आलं, आम्ही तिघेही किती जोरात श्वास घेत होतो ते.