लरज़िश आणि लग़्ज़िश

गेल्या मे महिन्यात मालेगावहून सासुरवाडीचा मुक्काम आटोपून पिंपळनेरला परतत होतो. मागे पत्नी, तिच्यामागे कॅरिअरला बांधलेला उर्दू पुस्तकांचा गठ्ठा. मालेगावला गेलो की वर्गासाठी गोष्टींची पुस्तके आणायची, ही माझी जुनी खोड. सटाणा, ताहराबाद मागे पडले, शेलबारी घाट उतरायला लागलो. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला, काटा साठच्या खाली आला आणि हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागले. आधी बारीक, मग असे की मनगटे झिणझिणली. मी मुठी आवळल्या. थरथर वाढली. घाबरून पुढचा ब्रेक दाबला, तर गाडीने अंगच झटकले. पत्नीने खांद्यात बोटे रुतवली. ती एक शब्दही बोलली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कशीबशी गाडी कडेला लावली. पाच मिनिटे दोघेही दगडावर बसून होतो.

गाडी अब्बांची. 350 सीसीची जुनी बुलेट, 19 इंची चाकांची. 1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीचा सांगाडा पुढे कितीतरी वर्षे फारसा बदलला नाही, म्हणून तिची दुखणीही जुन्या मिस्त्रींना पाठ असतात. माझी चूक एवढीच, की मी आधी त्यांच्याकडे गेलोच नाही.

पुढचे टायर लाटांसारखे झिजलेले दिसत होते. दोष तोच, असे मीच ठरवले आणि नवे टायर टाकले. आठवडाभर बरे वाटले, मग थरथर परत आली. दुसऱ्या एका ठिकाणी पान्याने हँडलचा नट करकचून आवळून मिळाला. थरथर गेली खरी, पण आठवडी बाजाराच्या गर्दीत हळू चालवताना गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. हँडल इतके जड, की तोल सावरायला जी बारीकशी हालचाल लागते तीच होईना.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळी हकिकत ऐकून ते अहिराणीत एवढेच म्हणाले, "मास्तर, पहिले हवा देख." मला राग आला. घाटात जीव जाता जाता वाचला आणि हे हवेचे बोलतात! पण त्यांचा क्रम पक्का होता. फुकटची तपासणी आधी, पैशांची नंतर. दोन्ही टायरांची हवा. मग चाक फिरवून रिम डुलते का, तारा ढिल्या आहेत का. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे ढकलून चिमट्याच्या बुशमध्ये खेळ आहे का. सुतळी ताणून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का. हे सगळे ठीक निघाले.

मग त्यांनी नट थोडा सैल केला, गाडी डबल स्टँडवर घेतली आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचे चाक अधांतरी केले. मला म्हणाले, "हँडल हळूच फिरवा." फिरवले. बरोबर मध्यावर ते किंचित अडकले, जणू खाचेत बसले. नंतर शॉकअपचे खालचे टोक धरून मागे-पुढे हलवले, तर वर कट्कट् असा आवाज. "कोनसेट गेला," ते म्हणाले.

उघडल्यावर दिसले. कपातल्या गुळगुळीत वाटेवर छऱ्र्यांनी बारीक खड्डे पाडले होते आणि ग्रीस वाळून मातीसारखे झाले होते. मी विचारले, खड्डे मध्यावरच का? ते म्हणाले, "गाडी जन्मभर सरळच चालते ना! वळते किती? छर्रे त्याच जागी बसतात, रस्त्याचे सगळे धक्के तिथेच खातात." झिजलेल्या वाटेवर नट कितीही आवळा, एका जागी सैल तर दुसऱ्या जागी घट्टच राहणार. वर माझा पुस्तकांचा गठ्ठा, तोही मागच्या चाकाच्याही मागे! त्याने पुढचे चाक हलके झाले आणि थरथरीला मोकळे रान मिळाले.

नवा कोनसेट, नवे छर्रे, भरपूर ग्रीस. नट असा बसवला की खेळ उरणार नाही, पण हँडल मधून जरा ढकलले की आपल्या वजनाने कडेपर्यंत जाईल. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा दाखवायला सांगितले, कारण नवे कप बसतात आणि नट पुन्हा सैल होतो. ग्रीस शेवटचे कधी भरले, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अब्बांच्या हयातीत असावे.

घाटातल्या माझ्या वागण्यावर मात त्यांनी चांगलेच सुनावले. थरथर सुरू झाली की मुठी आवळायच्या नाहीत, हँडल हलकेच धरायचे. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, भार आणखी पुढे येतो. अंग थोडे पुढे झुकवून गाडीला तिच्या मर्जीने हळू होऊ द्यायचे.

उर्दूच्या तासाला मुले दोन शब्दांत नेहमी गोंधळ करतात. लरज़िश म्हणजे थरथर, लग़्ज़िश म्हणजे पाय घसरणे, चूक होणे. मी दरवर्षी फरक समजावतो. आणि स्वतः महिनाभर लरज़िशवर पैसे घालत राहिलो, लग़्ज़िश माझी होती ती पाहिलीच नाही. वर्गातही असेच होते. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आपण आधी दटावतो, म्हणजे नट आवळतो. त्याला फळा दिसतो का, तो सकाळी काही खाऊन आला का, ही फुकटची तपासणी राहूनच जाते. आणि तोच धडा त्याच पद्धतीने वीस वर्षे शिकवून माझ्याही वाटेत कुठे खड्डे पडले असतील, ते उघडल्याशिवाय कसे कळणार?

परवा पुन्हा मालेगावला जाऊन आलो. येताना पुस्तके दोन बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि पुढे बांधली. शेलबारीच्या उतारावर साठच्या खाली येताना मी श्वास रोखला. हँडल शांत. मागून पत्नी म्हणाली, "आता खांदे सैल सोडा."

थरथर तिला माझ्या खांद्यांत जाणवत होती.