शिकायचं ते आपणच

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी-नेवाशाच्या ऊसपट्ट्यात वस्तीवरची जनावरं मोजताना गाय, शेळी, कुत्रा, मांजर एवढीच नावं निघतात. धामणीचं नाव कुणी घेत नाही, पण कांद्याच्या चाळीखाली, गव्हाणीमागे, कडब्याच्या गंजीत तिचं अख्खं आयुष्य जातं. मादी एखाद्या बिळात डझनभर अंडी घालते. दोनेक महिन्यांनी हातभर लांबीची पिल्लं बाहेर पडतात, बेडूक-पाली खात वाढतात आणि थोराड झाली की उंदरांवर येतात. धामण अजगरासारखी आवळत नाही. उंदीर जबड्यात धरते, अंगाच्या भाराने जमिनीशी दाबून ठेवते आणि त्याची धडपड पुरती थांबायच्या आतच गिळू लागते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत निराधार आहे. सापाच्या तोंडाची घडणच चोखण्याची नाही. घरात विष नसलेला असा शेजारी असताना त्याला माणसाळवण्याचा मोह होतो. पण या शेजारात शिकायचं असेल तर ते माणसाने, असं माझं ठाम मत आहे.

साप काहीच शिकत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी कॉर्न स्नेकच्या पिल्लांवर प्रयोग केले. १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. खुल्या रिंगणातून सुटकेचं भोक कुठे आहे हे ही पिल्लं सरावाने लक्षात ठेवत आणि दरवेळी लवकर गाठत. म्हणजे जागा, वाट, आडोसा सापाला कळतो. चाळीतली धामण रोज त्याच फटीतून ये-जा करते ती बहुधा यामुळेच. माणूस रोज जवळून गेला आणि त्रास झाला नाही, तर तिचं बिचकणंही कमी होतं. ही झाली सवय. तिला माया समजून हात पुढे केला, की ती मान फुगवून गुरगुरते आणि कडकडून चावते.

यावर गारुड्याच्या नागाचा दाखला दिला जातो. नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीला. ते डोलणं बचावाचा पवित्रा आहे, आणि अनेकदा त्याचे दात आधीच उपटलेले असतात. दुसरा दाखला सोलापूर जिल्ह्यातल्या शेटफळचा. तिथे घरोघरी नाग वावरतात आणि कुणी त्यांना डिवचत नाही, असं सांगतात. ते खरं धरलं तरी तिथे शिकलेली आहेत ती माणसं. तिसरा आक्षेप जास्त गंभीर: जोखीम कशाला, धामण मारून टाकावी. पण धामण मारल्याने उंदीर जात नाहीत, आणि उंदीर आहेत तिथे नाग-घोणस येतच राहतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिला मारणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे.

खरी जोखीम ओळख चुकण्यात आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. धामण समजून नाग धरणारा त्यांत सहज भर घालील. कुत्रा तर ओळखीच्या भानगडीत पडतच नाही. भुंकत थेट अंगावर जातो आणि नाकावर दंश घेतो. म्हणून साप दिसला की आधी कुत्रा बांधावा, मांजर आणि मुलं आत घ्यावीत, सापाची बाहेर जायची वाट मोकळी ठेवावी आणि लांबून नजर ठेवावी. तो हलत नसेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. दंश झालाच तर चिरणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे सगळं टाळून १०८ ची गाडी बोलवावी. जनावराला चावला तर पशुवैद्य गाठावा. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावं, कारण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. धान्य झाकून ठेवा, चाळीभोवतीचं गवत काढा, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. आणि चाळीखाली धामण असेल, तर तिला तिच्या कामाला असू द्या.